ऊसा आणि सती



रायपूरच्या गोल बाजारात पूजेच्या साहित्यापासून छत्तीसगढी नवरदेवाच्या डोक्यावर बांधायच्या मउरापर्यंत संसाराला लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू मिळते. व्याकरणाचा प्रश्न मात्र तेथे मिळेल, अशी मला कल्पना नव्हती. तो मला मिळाला एका नोव्हेंबर महिन्यात, आणि दिला माझ्या मावशीने.

मावशीचे वय ऐंशीच्या पुढचे. तिचे यजमान शाळामास्तर होते. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. त्यांच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनावर ती स्वाभिमानाने राहते. हे वेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. अलीकडे हा दाखला अंगठ्याच्या ठशाने किंवा चेहऱ्याच्या छायाचित्रानेही देता येतो. पण मावशीच्या अंगठ्याच्या रेषा भांडी घासून घासून पुसट झाल्या आहेत आणि यंत्राला त्या ओळखू येत नाहीत. मागे एकदा कुठल्याशा कचेरीत तिचा कागद गहाळ झाला आणि तीन महिने वेतन बंद पडले. तेव्हा ती मला म्हणाली होती, ''अरे, मी तुझ्यासमोर बसून चहा पिते आहे आणि कागदोपत्री मी नाहीच!'' मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवशी दाखल्याचे काम आटोपून आम्ही गोल बाजारात आलो. दुकानदार तिला 'दाई' म्हणून हाक मारीत होता आणि ती त्याच्याशी समईच्या वजनावरून घासाघीस करीत होती. इतक्यात एक रिक्षावाला ''सत्ती बाजार, सत्ती बाजार'' असे ओरडत गेला. सत्ती बाजार ही तेथून थोड्याच अंतरावरची वस्ती. मावशीने समई खाली ठेवली आणि मला विचारले, ''तू एवढा संस्कृतात एम. ए. झालास. सती म्हणजे काय, ते सांग बघू.'' मी सर्वसाधारण माणूस सांगेल तेच सांगितले. ती म्हणाली, ''ते मला ठाऊक आहे रे. शब्दाचा अर्थ काय?''

आज मी आपणांपुढे बोलणार आहे ते या प्रश्नाच्या उत्तरादाखल. हे उत्तर शोधायला मला ग्रीक भाषेपर्यंत जावे लागले. आपणही थोडा वेळ माझ्याबरोबर यावे, अशी विनंती आहे.

'सती' हे कृदंत आहे. कृदंत किंवा धातुसाधित म्हटले की शाळेतील व्याकरणाचा तास आठवून आपल्यापैकी कित्येकांच्या अंगावर काटा येईल, हे मी जाणतो. पण आपण दिवसभर कृदंतांतच वावरत असतो. वाहते पाणी, उकळता चहा, पिकलेला आंबा, येणारा पाहुणा. यांतील वाहते, उकळता, पिकलेला, येणारा ही विशेषणे खरी, पण त्यांच्या पोटात क्रियापद जिवंत आहे. फार काय, भूत, वर्तमान आणि भविष्यत् ही काळांची जी तीन नावे आपण घेतो, तीही मुळात तीन कृदंतेच आहेत : झालेले, चाललेले आणि होणार असलेले. नामाचे लिंग, वचन, विभक्ती अंगावर घ्यायची आणि क्रियेचा काळही सोडायचा नाही, असा हा दुहेरी संसार आहे. म्हणूनच ग्रीक वैयाकरणांनी त्याला 'मेतोखे' असे नाव दिले. मेतोखे म्हणजे सहभाग, वाटेकरी असणे. नाम आणि क्रियापद या दोहोंच्या मिळकतीत ज्याचा वाटा आहे, ते मेतोखे. पाणिनीने वेगळीच वाट धरली. वर्तमानकाळी कृदंते घडवणाऱ्या शतृ आणि शानच् या दोन प्रत्ययांना मिळून त्याने एक संज्ञा दिली, आणि ती संज्ञा आहे 'सत्'. म्हणजे सर्व कृदंतांतून एक कृदंत उचलून त्याने संपूर्ण कुळाला त्याचे नाव दिले. 'अस्' म्हणजे असणे, या धातूचे ते कृदंत. पुल्लिंगी सन्, स्त्रीलिंगी सती, नपुंसकलिंगी सत्. अर्थ : असणारा, असणारी, असणारे.

आता ग्रीक पाहा. तेथे असण्याच्या क्रियापदाचे कृदंत आहे ओन्, ऊसा, ऑन्. प्रथमदर्शनी सन्, सती, सत् यांच्याशी त्याचे काही नाते असेल असे वाटत नाही. परंतु ग्रीकांना 'स'चे वावडे होते. आपल्या 'सप्त'ला ते 'हेप्ता' म्हणतात. आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'स' तर त्यांनी पार गिळून टाकला. होमरच्या काव्यात हेच कृदंत 'एओन्' असे येते. त्यात मधला लोपलेला 'स' बसवला की 'एसोन्' होते. विभक्तीचा प्रत्यय लागला की आपल्याकडे 'सन्तम्' होते, त्यांच्याकडे 'ऑन्ता'. संस्कृतात धातूचा आरंभीचा 'अ' गळाला आणि 'स' राहिला; ग्रीकमध्ये 'स' गळाला, आरंभीचा स्वर होमरपर्यंत टिकला आणि पुढे अथेन्समध्ये तोही गेला. एकाच वडिलोपार्जित घरातून एका भावाने तुळई नेली, दुसऱ्याने दरवाजा.

स्त्रीलिंगी रूपाची कथा थोडी निराळी आहे. अथेन्सच्या 'ऊसा'वर पुल्लिंगी रूपाची छाया पडलेली आहे. ग्रीकमध्येच त्याहून जुने एक रूप होते, 'एआस्सा'. ते मात्र आपल्या 'सती'शी ध्वनीशः जुळते; संस्कृतातील 'ती' आणि ग्रीकमधील 'स्सा' ही एकाच प्राचीन प्रत्ययाची दोन रूपांतरे आहेत. हे जुने रूप कोठे सापडले, हे सांगताना मला, एक कारकुनी पेशाचा मनुष्य म्हणून, विशेष आनंद होतो. ते सापडले हजेरीपटात.

१९५२ साली मायकेल व्हेंट्रिस नावाच्या, व्यवसायाने वास्तुविशारद असलेल्या तरुण इंग्रजाने ग्रीसमधील व क्रीट बेटावरील एका प्राचीन लिपीचा उलगडा केला. मातीच्या पाट्यांवरील ती भाषा ग्रीक निघाली, होमरहूनही कित्येक शतके जुनी. विद्वानांना वाटले असेल की आता एखादे महाकाव्य हाती लागेल. हाती लागल्या त्या मेंढ्यांच्या, लोकरीच्या, धान्याच्या आणि माणसांच्या याद्या. या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या. राजवाड्यांना आगी लागल्या, त्यांत त्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. कचेरी जळल्यामुळे दप्तर सुरक्षित राहिल्याचे एवढे चांगले उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. तर पीलॉस येथील राजवाड्याच्या, इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या एका पाटीवर वल्हेकऱ्यांची नोंद आहे आणि त्यापुढे शब्द आहे 'अ-पे-ओ-ते', म्हणजे 'अपेऑन्तेस'. 'अप' हा आपलाच उपसर्ग. 'ऑन्तेस' म्हणजे सन्तः. अप-सन्तः, दूर असलेले, गैरहजर! आणि क्रीटमधील नॉसॉसच्या एका पाटीवर स्त्रियांच्या नोंदीत 'अ-पे-आ-सा' असे स्त्रीलिंगी रूप आहे. त्या कारकुनाने गैरहजर बाईला जो शब्द लावला, त्याचा उत्तरार्ध म्हणजे आपली 'सती'.

हा शब्द आपल्या शाळांतही रोज उच्चारला जातो. लॅटिनमध्ये असण्याचे हे कृदंत स्वतंत्रपणे उरले नाही. उपसर्गांच्या आश्रयाने तेवढे राहिले. 'अॅब्सेंट' आणि 'प्रेझेंट' यांतील 'सेंट' तेच. एखादा चिमुरडा बाकावरून उठून ''प्रेझेंट, सर!'' असे ओरडतो, तेव्हा तो 'समोर सन्' असेच म्हणत असतो. स्वतंत्र रूप नसल्यामुळे रोमन लोकांची मोठी अडचण झाली. सेनेका या तत्त्वज्ञाने आपल्या अठ्ठावन्नाव्या पत्रात तक्रार केली आहे की, ग्रीकांचा 'ऑन्' हा एकच अक्षराचा शब्द लॅटिनमध्ये उतरवता येत नाही. 'जे आहे ते' असे लांबण लावावे लागते. पार्मेनिडिसपासून अॅरिस्टॉटलपर्यंत ग्रीक तत्त्वज्ञान ज्या शब्दाभोवती फिरते, तो शब्द एक साधे नपुंसकलिंगी कृदंत आहे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला जगाच्या आरंभाविषयी शिकवतो, तेथेही त्याच्या हाती तेच कृदंत आहे. आपणां मराठी लोकांची स्थिती सेनेकापेक्षा बरी. 'असणारे', 'असलेले' ही आपली घरची आहेत आणि 'सत्' हे आजोळचे आहे.

या कृदंताचा एक व्याकरणिक स्वभाव मात्र नीट लक्षात घ्यायला हवा, कारण मावशीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे दडले आहे. वर्तमान कृदंत मुख्य क्रियेच्या वेळी चालू असलेली गोष्ट सांगते. ते कोणाला कायमची पदवी देत नाही. अथेन्सच्या मुख्य अधिकाऱ्याला 'आर्खोन' म्हणत; हेही कृदंतच, 'अधिकार चालवीत असलेला'. वर्ष संपले की अधिकार संपला आणि कृदंतही संपले. (आमच्या खात्यातील काही निवृत्त अधिकाऱ्यांना हे व्याकरण शिकवायला हवे.) अगाथोक्लीस या भारत-ग्रीक राजाने आपल्या पूर्वीच्या राजांच्या स्मरणार्थ काही नाणी पाडली, त्यांवर त्याने स्वतःच्या नावाला 'बासिलेऊऑन्तॉस' असे षष्ठीतले कृदंत जोडले : अगाथोक्लीस राज्य करीत असता. याला ग्रीकमध्ये स्वतंत्र षष्ठी म्हणतात. संस्कृतात त्या जागी बहुधा सप्तमी येते. तिचे शाळेतील नाव तर आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे : सति सप्तमी. 'सति' म्हणजे 'असता'. म्हणजे पुन्हा तेच कृदंत! राजा राज्य करीत असता, पाऊस पडत असता, दिवा जळत असता. दिवा विझला की वाक्य बदलावे लागते.

'असणे' या अर्थापासून हा शब्द चांगुलपणाकडे कसा वळला, हे समजणे कठीण नाही. जे आहे ते खरे, आणि जे खरे ते चांगले. गीतेच्या सतराव्या अध्यायात 'सत्' हा शब्द अस्तित्व आणि साधुत्व या दोन्ही अर्थांनी योजतात, असे स्पष्टच सांगितले आहे. 'सत्य' तेथूनच आले. 'सन्तः' या अनेकवचनापासून आपला 'संत' आला. ज्ञानोबा-तुकोबांना आपण संत म्हणतो, तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने आपण 'असणारे' एवढेच म्हणतो, आणि मला तरी तो अर्थ कमी वाटत नाही. पुरुषांच्या बाबतीत हा प्रवास येथवर सरळ झाला. देहू-आळंदीचे संत काळाने गेले, तरी आपण त्यांना 'असणारे' म्हणतो.

स्त्रीलिंगी रूपाचे मात्र भलतेच झाले. 'सती' म्हणजे आधी असणारी, मग खरी, मग चांगली, मग पतिनिष्ठ. आणि शेवटी पतीच्या चितेवर जळणारी. संस्कृत धर्मग्रंथ त्या आचाराला सहगमन, अनुमरण, अन्वारोहण असे म्हणतात. 'सती' हे त्या बाईचे विशेषण होते, त्या कृत्याचे नाव नव्हते. युरोपियनांनी बाईचे विशेषण कृत्याला लावले. १८२९ च्या डिसेंबरात बेंटिंकच्या सरकारने बंगाल प्रांतात ती चाल बंद केली. पुढे १९८७ सालच्या भारतीय कायद्याने जी व्याख्या केली, तीतही 'सती' म्हणजे विधवेला जाळण्याचे वा पुरण्याचे कृत्यच. कायद्याला कृत्याचे नाव हवे असते, हे मला मान्य आहे. परंतु मराठीने त्याआधीच जो वाक्प्रचार घडवला होता, तो व्याकरणाच्या दृष्टीने अंगावर शहारे आणणारा आहे. आपण म्हणतो, ''ती सती गेली.'' सती, म्हणजे असणारी, आणि गेली. तीन शब्दांच्या वाक्यात असणे आणि नसणे शेजारी शेजारी बसवले आहे, आणि ते बोलताना आपल्या जिभेला कोठेही अडखळायला होत नाही.

आता पुन्हा छत्तीसगढात येऊ. रायपूरपासून उत्तरेस रतनपूर आहे. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी तेथे राहून १७८७ पर्यंत, सुमारे तीस वर्षे, या प्रांताचा कारभार पाहिला. आज येथे मराठी बोलणारी जी जुनी घराणी आहेत, त्यांतील कित्येकांचे मूळ त्या काळात शोधता येते. १७८७ मध्ये बिंबाजी वारले. त्यांची एक पत्नी उमाबाई सती गेली. दुसरी पत्नी आनंदीबाई मागे राहिली, आणि नागपूरहून नवी व्यवस्था आल्यानंतरही तिच्या शब्दाला रतनपुरात वजन होते. एकाच वाड्यातील दोन स्त्रिया. लोकांनी 'सती' म्हटले ते उमाबाईला. मी उमाबाईविषयी एक अक्षरही उणे बोलणार नाही. तिच्यावर काय ओढवले असेल ते आपण दोनशे वर्षांहून अधिक काळाच्या अंतरावरून काय सांगणार? पण पाणिनीला विचारले, किंवा नॉसॉसच्या त्या कारकुनाला विचारले, की बाबा, १७८८ साली या वाड्यात 'सती' कोण, तर दोघेही एकच नाव सांगतील : आनंदीबाई. उमाबाईपुढे त्या कारकुनाने 'अ-पे-आ-सा' लिहिले असते.

असेच आणखी एक जोडपे आपल्या इतिहासात आहे. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई त्यांच्यामागून चितेवर गेल्या. त्याच्या अठरा वर्षे आधी, १७५४ मध्ये, कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. सासरे मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. त्या राहिल्या, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी जे राज्य केले, त्याची साक्ष काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळे आणि घाट देतात. थेऊरला रमाबाईंचे स्मारक आहे आणि तेथे हात जोडले जातात. मीही जोडले आहेत. पण अहिल्याबाईंना आपण पुण्यश्लोक म्हणतो, देवी म्हणतो, सती म्हणत नाही. खरे तर तो शब्द त्यांनी एक्केचाळीस वर्षे, प्रत्येक दिवशी, मिळवला होता.

येथे मला मराठीतला एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात 'असती' हा 'सती'च्या उलट शब्द. दुराचारी स्त्रीला तो शिवी म्हणून वापरीत. मराठीत 'असती' हे अगदी निराळे रूप आहे. ''आज आई असती तर!'' हेही मुळात वर्तमान कृदंतावरून घडलेले, पण संकेतार्थी. पहिल्या शब्दात नसण्याची शिवी आहे, दुसऱ्यात नसण्याची हुरहुर. ज्या घरात कोणी बाई अशी गेली असेल, त्या घरातील मुलांनी यांतला कोणता शब्द उच्चारला असेल, हे सांगायला भाषाशास्त्र लागत नाही. शिलालेखांवर आणि सतीशिळांवर मात्र त्या मुलांचे वाक्य कोरलेले नसते. तेथे असतो कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एक हात आणि वर चंद्रसूर्य.

हे सगळे जुळवायला मला बरेच महिने लागले. ग्रीक व्याकरण मी कचेरीतून आल्यावर, रात्री, दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचीत असे, आणि घरची मंडळी त्याला माझे नवे खूळ म्हणत. पुढच्या नोव्हेंबरात मावशीला घेऊन मी पुन्हा दाखल्यासाठी गेलो. यंत्राने नेहमीप्रमाणे तिचा अंगठा नाकारला. मग तिने डोळे मिचकावले, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला आणि तो मात्र पहिल्याच खेपेस मान्य झाला. बाबूने कागद छापून दिला. त्यावर तिचे नाव, मास्तरांचे नाव, आणि ती त्या तारखेस हयात असल्याचा मजकूर होता.

गोल बाजारात आलो तेव्हा मी तिला सर्व सांगितले. ओन् आणि ऊसा, वल्हेकऱ्यांची यादी, रतनपूरच्या दोन राण्या. ती दुकानाच्या पायरीवर टेकून ऐकत होती. आनंदीबाईंचे नाव आले तेव्हा तिने एकदा मान हलवली. माझे बोलणे संपल्यावर तिने पिशवीतून तो दाखला काढला, उलगडला, चष्मा वर-खाली करीत वाचला आणि पुन्हा चार घड्या घालून ठेवला.

''म्हणजे यात तेच लिहिलंय,'' ती म्हणाली. ''मग सरळ लिहीत का नाहीत?''

आणि दुकानदाराकडे वळून तिने वातींचा भाव विचारला.